गावरान कोंबड्या धापायल्यात, अंडी बंद. ऊन का मानमोडी?

जिंतूरकर:
राम राम मंडळी. घरामागं दहा-बारा गावरान कोंबड्या हायत, खुराडं पत्र्याचं. उन्हाळा लागल्यापासून अंडी जवळपास बंदच, दुपारी पंख पसरून चोच उघडी टाकून धापत बसायल्यात, परवा एक मेली बी. शेजारचे मामा म्हणतेत मानमोडी (राणीखेत रोग) आलीय, सगळ्या विकून मोकळा हो. विकू का थांबू?

लिंबाखालचा:
पत्र्याचं खुराडं न् परभणीचं ऊन, दुसरं काय होणार दादा. कोंबडीला घाम येत नाही, तोंडातूनच गरमी बाहेर टाकती. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर टाक न् दुपारी त्याच्यावर पाणी मार. बाजूनं ओलं बारदान लाव पण सगळीकडून नको, वारं अडलं की आत वाफ कोंडती न् आणखी मरतेत. पाणी मातीच्या परळात, सावलीत. दाणा पहाटं न् दिवस मावळताना, भरदुपारी अजिबात नको, पचवताना अंगात गरमी वाढती.

गोदाकाठची:
ऊन असंल, पण मामाचं उडवून लावू नका भाऊ. गार झाल्यावर बघा, उठून चरायल्या तर ऊनच. गारव्यात बी गुमान बसून राहिली, हिरवट पातळ हगवण, मान वाकडी, तर मानमोडी समजा आन् डॉक्टरला बोलवा. तिच्यावर औषध नाही, आधी दिलेली लसच कामाची. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात एक थेंब, पुढं आठ आठवड्यांला आर-टू-बीचं इंजेक्शन. कुपी 100-200 डोसची असती म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून आणा, बर्फात घालून, नाहीतर पैसे पाण्यात. आन् विकायचं डोक्यातून काढा, आजारी कोंबडी बाजारात नेली की रोग दहा घरी जातो. मेलेली उकिरड्यावर फेकू नका, चुना टाकून खोल पुरा.

जिंतूरकर:
ताई, सांजच्याला चांगल्या उकरायल्यात, हगवण बी नाही. एकच दिवसभर खोपड्यात बसून, हात लावला की फुगून गुरगुरती.

लिंबाखालचा:
अरे ती खुडूक हाय, अंडी उबवायला बसलीय!

जिंतूरकर:
मंग अंडी मांडू का तिच्याखाली?

गोदाकाठची:
आत्ता नको. या उन्हात ठेवल्या जागीच अंडी अर्धवट उबून नासतेत. डालग्याखाली सावलीत खाली काही न अंथरता तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी द्या, खुडूक मोडती. मृग लागल्यावर मांडा.