अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि जादा ऑक्सिजन
अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जादा ऑक्सिजन दिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, हे बरेच जण सांगतात, पण त्याचा फटका फुफ्फुसांनाही बसतो. गर्भाच्या २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वायुकोश (फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या) पुरते तयार नसतात, ऑक्सिजनचा मारा सोसायला लागणारी विकरंही (एन्झाइम्स) कमी. मग सूज येते, वायुकोशांची वाढ खुंटते. १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसांच्या या आजाराचं वर्णन केलं, ते ८० ते १०० टक्के ऑक्सिजनवर बरेच दिवस राहिलेल्या बाळांचं. (व्हेंटिलेटरच्या दाबाचाही त्यात वाटा होताच.)

'मग ऑक्सिजन कमीच द्या' असं काही जण म्हणतात, ते मात्र पटत नाही. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) ८५-८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त आढळले, म्हणून हल्ली साधारण ९०-९५ राखतात. ऑक्सिजन चालू असताना मॉनिटरवर ९९ दिसलं की नातेवाईक खूश होतात, नर्स मात्र ऑक्सिजन कमी करायला धावते.