कमी खर्चात गाडी खाली घेण्यासाठी स्प्रिंग कापावी का?

प्रश्न (ऐरोली):
माझी 2018 ची स्विफ्ट साधारण 30 मिलिमीटर खाली घ्यायची आहे. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) परवडणार नाहीत. एक मेकॅनिक मूळ स्प्रिंगचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून द्यायला तयार आहे. हे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (माजिवडा, ठाणे):
कृपया कापू नका. वेढा कमी झाला की स्प्रिंग आखूड होते तशीच कडकही होते, शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे) मात्र मूळ स्प्रिंगच्याच हिशेबाचे राहतात आणि खड्ड्यातून निघाल्यावर गाडी उसळत राहते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, जॅकवर चाक लोंबकळले की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडते आणि कापलेले टोक जागा सोडू शकते. काही ठिकाणी स्प्रिंग तापवून दाबतात. ते तर मुळीच करू नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी (कठीणपणा) उतरते. याच मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग घ्या आणि शॉकअपमधून तेल झिरपत असेल, तर आधी ते बदला.

उत्तर (वाशी):
सहमत. उंची बदलली की टो (चाकांचे तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन) आणि कॅम्बरही (चाक उभ्या रेषेपासून कलण्याचा कोन) बदलतात, म्हणून अलाइनमेंट (हे कोन जुळवणे) करून घ्याच, अन्यथा टायर एका कडेने झिजतील. आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात 163 मिलिमीटर आहे. त्यातून 30 वजा करून चार माणसे बसवली, तर सोसायटीच्या गतिरोधकावरही पोट घासेल. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, त्यामुळे विमा कंपनीलाही आधी लेखी विचारावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. कापण्याचा विचार सोडला आहे. 20 मिलिमीटरच्या तयार स्प्रिंग पुरेशा ठरतील का?

उत्तर (माजिवडा, ठाणे):
होय, आपल्या रस्त्यांसाठी तेवढेच योग्य. बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे रबरी ठोकळे) मात्र शाबूत असल्याची खात्री करा.