मदत हवी आहे: पावणेचार वर्षांची मुलगी, फक्त अहिराणी-मराठी येते, २६ ऑक्टोबरला जर्मनीला पोचतोय

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरं पण अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

आम्ही अमळनेरचे. मिस्टर मार्चपासून स्टुटगार्टला आहेत, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणारा तिथला नोकरीचा परवाना), गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. माझा आणि मुलीचा व्हिसा आलाय, भाऊबीज झाली की २५ ला रात्री मुंबईहून निघायचं, २६ ला तिकडे. तो रविवार आहे आणि तिथे रविवारी दुकानं बंद असतात म्हणून दूध-ब्रेड-भाजी शनिवारीच आणून ठेवा असं मी त्यांना चार वेळा सांगून झालंय. नवीन घर दोन खोल्यांचं मिळालं, तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट भरलं आणि आत गेले तर किचनच नाही, नुसते नळाचे पाइप. तिकडे भाडेकरू ओटा-सिंकसकट स्वतःचं घेऊन जातात म्हणे. आता सेकंडहँड ओटा बसवून राहिलेत. असो, हे सगळं होऊन जाईल, याची मला काळजी नाही.

काळजी मुलीच्या बोलण्याची आहे.

ती प्रचंड बोलकी आहे. सकाळी उठल्यापासून आजीच्या मागे मागे, आणि आजीशी ती फक्त अहिराणीत बोलते. माझ्याशी मराठी, पण चिडली, पडली, भूक लागली की माझ्याशी पण अहिराणीच येते तोंडातून. सासूबाई ओट्यावर बसून गहू निवडतात तेव्हा ही शेजारी मांडी घालून बसते आणि खडे वेगळे काढता काढता गोष्ट सांगते, गोष्ट कसली, आदल्या दिवशी गल्लीत काय झालं ते सगळं, कोणाची म्हैस, कोणाचं भांडण, आणि मध्येच थांबून "हा ना आजी?" विचारते. आजी "हा माय" म्हणल्याशिवाय पुढे जात नाही. यंदा कानबाईच्या उत्सवाला सगळे भाऊबंद घरात होते, तीस-पस्तीस माणसं, ही प्रत्येकाच्या मांडीवर बसून बोलून आली. आणि आता महिनाभरात ती अशा ठिकाणी जाणार जिथे तिचं एक वाक्य कोणाला कळणार नाही.

तिकडे बालवाडीला किटा म्हणतात. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला किटात जागा मिळणं हा २०१३ पासून कायद्याने हक्क आहे पण प्रत्यक्षात वेटिंग खूप असतं, आम्हाला नशिबाने ३ नोव्हेंबरपासून मिळाली. बर्लिनला फी नाही म्हणतात, स्टुटगार्टला आहे, तरी पण ही जागा सोडली तर परत कधी मिळेल सांगता येत नाही. सुरुवातीला आईने वर्गात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं हळूहळू काही आठवडे सोडवतात, त्याला आइनगेवोनुंग म्हणतात. हे ऐकून मला खूप बरं वाटलं, आपल्याकडे तर रडणारं पोर आत ढकलून दार लावून घेतात. पण मी तिथून निघाल्यावर काय? तिला शू लागली तर ती "माले शू लागनी" म्हणणार. पाणी हवं असेल तर "माले पानी दे". आणि समोरची बाई हसून बघत राहील. दोन-चार वेळा असं झालं की ही बोलणंच सोडून देईल याची मला भीती वाटते. चड्डीत झाली आणि मुलं हसली तर काय, हाच विचार रात्री डोक्यात असतो.

इथे सल्ले भरपूर मिळताहेत. आमच्या ओळखीतल्या एक शिक्षिका घरी आल्या होत्या, म्हणाल्या आतापासून अहिराणी बंद करा, घरात फक्त इंग्लिश बोला, नाहीतर तिकडे पोरगी गावंढळ दिसेल. सासूबाई तिथेच चहा देत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी मी ऐकलं, त्या नातीशी तुटक तुटक मराठीत बोलायचा प्रयत्न करत होत्या, आणि मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, तिला वाटलं आजी रागावली. मला फार लागलं ते. मी स्वतः पुण्याला होस्टेलला असताना आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे, कारण माझं "करी राहिनू" ऐकून रूममेट हसायच्या. तीन वर्षं मी माझी भाषा जिन्यात ठेवली. ते मुलीच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं. पण माझ्या या हट्टापायी तिला जर्मन शिकायला उशीर झाला तर ते पण मलाच लागेल.

दुसरं म्हणजे सासूबाईंचं म्हणणं आहे की पोरगीला मार्चपर्यंत माझ्याजवळ ठेवा, तुम्ही बस्तान बसवा, थंडी गेली की घेऊन जा. त्यांचं प्रेम आहे आणि त्यांचं पूर्ण चूक पण नाही, डिसेंबरात तिथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधार. पण व्हिसाला मुदत आहे, किटाची जागा जाईल, आणि मुख्य म्हणजे तिने सात महिने बापाला फक्त मोबाईलमध्ये बघितलंय. परवा तिने भाकरीचा तुकडा मोडून फोनच्या स्क्रीनला लावला, "पप्पा, जेव". आमचे हे तिकडे कॅमेरा बंद करून बसले थोडा वेळ. मी ठरवलंय की तिला सोबतच न्यायचं.

तर माझे प्रश्न. तीन-चार वर्षांचं मूल घेऊन जे जर्मनीला किंवा दुसऱ्या कुठल्या परक्या भाषेच्या देशात गेलेत त्यांनी प्लीज सांगा, पहिल्या तीन महिन्यांत मुलाने नेमकं काय केलं? गप्प झालं का, किती दिवस? घरात तुम्ही काय बोललात? आत्ता या वीस-पंचवीस दिवसांत मी तिला काय शिकवू शकते? मला स्वतःला ए वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, पण येत नाही, ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ती परीक्षा लागत नाही म्हणून मी पण टाळलं, आता पस्तावतेय.

लसींचं पण विचारायचं होतं. किटात प्रवेशाला गोवरचे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो, २०२० पासून तसा कायदाच आहे. हिचे दोन्ही झालेत पण सरकारी दवाखान्याच्या कार्डावर नुसतं एमआर १, एमआर २ (गोवर-रुबेला) आणि पेनाने तारीख, तीही पुसट. कोणाचं असं कार्ड चाललं का?

——

अपडेट, कोजागिरीनंतर:

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतक्या जणांनी इतकं सविस्तर लिहिलं की वाचताना रडायला आलं. इथे पण विचारलं आणि धुळ्याच्या माझ्या मामेबहिणीला पण, ती बालरोग डॉक्टर आहे. जे कळलं ते एकत्र लिहिते, माझ्यासारखं कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

गप्प होणं नॉर्मल आहे. नवीन भाषेत टाकलेली लहान मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात, त्या काळात आत शिकणं चालूच असतं. बहीण म्हणाली किटात गप्प आणि घरात बडबड असेल तर घाबरू नको, घरात पण बोलायची थांबली, खेळायची थांबली तर मात्र डॉक्टरांकडे जा. तिकडे तसंही चौथ्या वाढदिवसाच्या अलीकडे मुलांची यू ८ नावाची तपासणी असते, त्यात बोलणं पण बघतात, हिची वेळ पोचल्या पोचल्याच येतेय. सरकारी विमा असेल तर बायको-मुलाचा वेगळा हप्ता नाही, पण बरेच बालरोग डॉक्टर नवीन पेशंट घेत नाहीत असं तुमच्यापैकी तिघींनी लिहिलं म्हणून यांना आजपासूनच फोन लावायला सांगितलेत.

आणि घरात अहिराणीच बोल, असं बहीण ठामपणे म्हणाली. ज्या भाषेत मूल भांडू शकतं, गोष्ट सांगू शकतं ती पक्की असली की दुसरी त्यावर चढते, तुझं मोडकं इंग्लिश किंवा मोडकं जर्मन तिच्या काही कामाचं नाही, जर्मन तिला किटातली मुलं शिकवतील. मी हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या नुसतं "मंग?" म्हणाल्या आणि नातीला हाक मारली, अहिराणीत.

लसीचं कार्ड तालुक्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्लिशमध्ये लिहून घेतलं, लसीचं पूर्ण नाव, तारीख, सही-शिक्का. तूप नेऊ नका हे ज्यांनी सांगितलं त्यांचे विशेष आभार, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत हे मला माहीत नव्हतं, सासूबाईंनी दोन किलो कढवून ठेवलं होतं. काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि बिबडे बॅगेत जाताहेत. केळी चालतात म्हणे, फळांमध्ये ज्या पाचांना सूट आहे त्यात केळं आहे, हे ऐकून रावेरच्या माझ्या मामांना फार आनंद झाला.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र इथल्या एका ताईंनी सांगितली की टॉयलेट वगैरे शिकवत बसू नका, तिथली लहान मुलं "पिपी" म्हणतात, आणि लागलं-दुखलं की "आउआ". हे दोन आणि "वासर" म्हणजे पाणी. मी तीन कार्डं केली पुठ्ठ्याची, चित्रं काढून, गळ्यात अडकवायला लोकरीचा दोरा. वासर तिला आवडत नाही, वासरू म्हणून हसते. पण आउआ एका दिवसात उचललं. काल अंगणात पडली आणि रडत आजीकडे गेली, "आजी, माले आउआ लागनं". आजींनी गुडघ्यावर फुंकर मारली आणि विचारलं, "कोठे आउआ?"

आता एकच प्रश्न उरलाय. सासूबाईंना मे महिन्यात ९० दिवसांच्या व्हिसावर बोलवायचं ठरतंय. ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो एवढं समजलं, पण त्यांचा पासपोर्टच काढायचा आहे, जन्मदाखला नाही, चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला आहे आणि त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. आधी गॅझेटमध्ये नावबदल करावा लागेल की लग्नाच्या दाखल्यावर काम होतं? जळगाव-धुळे भागात कोणी नुकतंच आई-सासूचं काढलं असेल तर सांगा, मी निघायच्या आत त्यांचा फॉर्म भरून जायचाय.