प्रतिसाद: भायखळ्याचं म्युझियम पण बघा की
वर कुणीतरी लिहिलंय की मुंबईचा इतिहास बघायला काळा घोड्याचं म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) पुरेसंय. पुरेसं कसं? तिथे जगभरातलं आहे, पण शहर म्हणून मुंबई बघायची तर राणीच्या बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड म्युझियम गाठा, १८७२ पासूनचं, आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणायचे, १९७५ ला नाव बदललं. आत जुने नकाशे आणि मातीची छोटी छोटी माणसं, कोण कसली पगडी बांधायचं वगैरे (साहेबाच्या नजरेतून अर्थात). आणि बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका, घारापुरीला एलिफंटा नाव ज्याच्यामुळे पडलं तोच, इंग्लंडला न्यायला उचलला आणि फुटला, मग तुकडे इथे आणून जोडले. पोरं मात्र राणीच्या बागेतल्या पेंग्विनकडेच पळतात.