अंबाडीच्या ओळीत वेगळी झाडे दिसत आहेत. ओळखायची कशी आणि कळवायचे कोणाला?

धुऱ्यावरचा (प्रश्नकर्ता)
नमस्कार. नागपूरहून उमरेडकडे जाताना रस्त्यालगत आमची वडिलोपार्जित एक एकर वाडी आहे. मी मानेवाड्यात राहतो आणि वाडी सालदाराच्या कुटुंबाकडे सोपवलेली आहे. दरवर्षी पावसाळ्यात ते धुऱ्यावर अंबाडी पेरतात. मागच्या रविवारी गेलो असता विहिरीमागच्या ओळीत चार-पाच झाडे इतरांहून वेगळी दिसली. पाने पंजासारखी, पाच बोटांची, आणि जवळ गेल्यावर उग्र वास. सोबत असलेला मेहुणा म्हणाला, की असा दिसणारा पाला मुद्दाम लावून त्यामागे गांजा दडवतात, आणि उद्या पोलीस आले तर सातबाऱ्यावर नाव तुमचेच आहे. तेव्हापासून मला झोप नाही. सालदार बारा वर्षांपासून आमच्याकडे आहे. त्याला विचारले तर त्याचा अपमान होईल, आणि न विचारावे तर माझे मन स्वस्थ बसत नाही. ही झाडे खात्रीने ओळखण्याचा मार्ग कोणता? आणि खरोखर गांजा निघाला तर माझी जबाबदारी काय?

वनस्पतीशास्त्राची शिक्षिका
आधी अंबाडीबद्दल लिहिते, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिच्यापासूनच सुरू होतो. तिच्या पानाचे भांगेच्या पानाशी इतके साम्य आहे, की लिनियसने तिचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस असे ठेवले. इंग्रजीत तिला डेक्कन हेम्प म्हणतात, त्यामुळे नावावरूनही गैरसमज होतो. प्रत्यक्षात ती जास्वंद आणि भेंडीच्या कुळातली आहे.

पान हातात घेऊन देठ जिथे पात्याला मिळतो ती जागा पाहा. अंबाडीचे पान कितीही खोल चिरलेले असले तरी त्याचे भाग बुडाशी एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे ते एकच पान असते. गांजाच्या पानात प्रत्येक पर्णिका स्वतंत्र असते, सगळ्या देठाच्या एकाच बिंदूतून फुटतात आणि प्रत्येकीच्या कडेला करवतीसारखे ठळक दाते असतात. अंबाडीची खालची पाने पुष्कळदा अखंड, हृदयाच्या आकाराची असतात आणि वरची चिरलेली. एकाच झाडावर दोन्ही दिसली तर खूण पक्की होते. खोडावर बारीक काटे आणि पानाला आंबट चव, ही तर आपल्याकडे भाजी खुडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली लक्षणे आहेत. मात्र ओळख न पटलेले पान चाखून पाहू नये. फूल आले असेल तर शंका उरतच नाही, कारण अंबाडीचे फूल मोठे, फिकट पिवळे आणि मध्यभागी गडद लालसर असते, तर गांजाच्या फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्याच नसतात. नर आणि मादी झाडेही साधारणतः वेगळी असतात.

आपण पाच बोटे आणि उग्र वास सांगितलात, त्यावरून मला पांढऱ्या तिळवणीची शंका येते. तिच्याही पर्णिका सुट्या असतात, अंग चिकट लवेचे असते आणि वास दूरवर जातो. परंतु कडा जवळजवळ सरळ असतात, फुले पांढरी असून त्यांतून लांब पुंकेसर बाहेर येतात आणि नंतर बारीक लांब शेंगा धरतात. निर्गुडीचीही पाने अशीच पाच पर्णिकांची असतात, पण ती झुडूप आहे, आणि पानाची खालची बाजू पांढुरकी दिसते. केवळ वासावरून निष्कर्ष काढू नका.

वकील, धंतोली
कायद्याची बाजू मांडतो. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ८ नुसार परवान्याशिवाय भांगेचे झाड लावण्यास मनाई आहे आणि कलम २० खाली लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे दोनच होती, हा बचाव नाही. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरे, पण त्यावरून झाड लावायला हरकत नाही असा अर्थ काढणे चूक आहे. लागवडीची मनाई संपूर्ण झाडाला लागू आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ४६ आहे. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड असल्यास जमीनधारकाने तात्काळ पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला कळवले पाहिजे, आणि माहीत असूनही कळवले नाही तर तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. म्हणून झाड गांजाचेच आहे असे आढळले तर ते उपटू नका, जाळू नका आणि नमुना म्हणून गाडीत घालून तर मुळीच आणू नका, कारण तेव्हा तो आपल्या ताब्यातला माल होईल. जागेवरच छायाचित्र घ्या, पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. १९३३ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य एवढेच, की दडवणारा माणूस लांबून पाहणाऱ्याच्या नजरेवर विसंबून असतो. म्हणून मालकाने हंगामात दोन-तीनदा तरी ओळींमधून स्वतः चालावे.

कुहीचा शेतकरी
शिक्षिकाताईंनी सांगितले ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत, परंतु एक विनंती करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची अंबाडी पाहून कोणीतरी गांजा असल्याची बातमी दिली. तपासणीत काही निघाले नाही, पण गावात जी कुजबुज झाली ती त्या कुटुंबाला दोन वर्षे पुरली. म्हणून सालदाराला बाजूला ठेवून तपासणी करू नका. त्याला सोबत घेऊन ओळीत जा आणि हे झाड कोणते, असे सरळ विचारा. आपण त्याच्याकडून ओळखून घेता आहात, यात अपमान कसला?

धुऱ्यावरचा (प्रश्नकर्ता)
आपणा सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी सालदार आणि त्याच्या पत्नीला सोबत घेऊनच गेलो. पर्णिका सुट्या होत्या, तेव्हा क्षणभर धस्स झाले. पण कडेला दाते नव्हते, पान बोटांना चिकटत होते, आणि दोन झाडांवर पांढरी फुले व बोटभर लांब हिरव्या शेंगा होत्या. मी काही बोलण्याआधीच सालदाराच्या पत्नीने सांगितले, की ही तिळवण आपोआप उगवली आहे आणि कोवळ्या पानांची भाजी करतात म्हणून तिने निंदताना ती ठेवली. उरलेली ओळ शेवटपर्यंत चालून पाहिली. सगळी अंबाडी होती. परत निघताना तिने अंबाडीची एक जुडी बांधून दिली आणि कण्या घालून शिजवा असे सांगितले.