मदत हवी आहे: नळाला काळपट, वासाचं पाणी येतंय. धरायचं कुणाला?

काठावरचा_गडी:
जाणकारांनी जरा लवकर सांगा. वळीव झाल्यापासून नळाला काळपट पाणी येतंय. घागर भरून ठेवली की तळाला गाळ बसतो, वासानं तोंडाला लावणं होत नाही. गल्लीत काविळीचे पेशंट निघालेत. ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणतात, नदीच तशी आहे, आम्ही काय करणार. नदी नासवणाऱ्यावर गुन्हा कसा दाखल करायचा तेवढं सांगा. 'फिल्टर घ्या' असले सल्ले नकोत.

मिरजवाला:
कुठलं गाव, कुठली नदी? पाणी विहिरीतून उचलता की थेट नदीतून? शुद्धीकरण केंद्र आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुखी_माणूस:
काही म्हणा, आरओला पर्याय नाही. आमच्याकडे टीडीएस 400 होता, आता 60 वर आलाय. हातात मीटर घेऊनच फिरतो.

मिरजवाला:
टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. 60 टीडीएसच्या पाण्यातही मैला मिसळलेला असू शकतो. आणि अख्ख्या गल्लीला आरओ कोण बसवून देणार?

काठावरचा_गडी:
पंचगंगा, दुसरी कुठली. इचलकरंजीच्या खाली, शिरोळ तालुक्यात. बंधाऱ्याच्या फुगवट्यात जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे, तिथून टाकीत आणि टाकीतून नळाला. मध्ये फक्त टीसीएल (क्लोरिनची ब्लीचिंग) पावडर टाकतात. मासे मरून वर आलेत तेही लिहायचं राहिलं.

ऊसकरी:
मासे मेले म्हणजे कारखान्याची मळी. दरवर्षीचंच आहे.

तळ्याकाठी:
मे महिन्यात कुठला गळीत हंगाम, भाऊ? उन्हाळाभर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, वरच्या गावांचं सांडपाणी साचून खाली काळा गाळ बसतो. वळीव पडला की नाल्यांतली घाण एकदम उतरते, गाळ ढवळतो, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे तडफडतात. कोल्हापूरचा जयंती नाला, इचलकरंजीचा काळा ओढा, कापड प्रोसेसचं रंगीत पाणी, सगळ्यांचा वाटा आहे त्यात.

ऊसकरी:
साठवलेली मळी पहिल्या पावसात सोडून देतात ते कुणी बघायला जातं का? आमच्या डोळ्यांदेखत होतं. रासायनिक खतांचं नाव मात्र घेऊ नका, शेतकऱ्याला झोडपायची सवयच लागलीय सगळ्यांना.

तळ्याकाठी:
खताचं नाव तुम्हीच काढलंत, मी नाही.

गृहिणी_सांगली:
टाकी धुताना तुरटी फिरवा. आमच्या सासूबाई शेवग्याच्या बिया कुटून टाकायच्या, गाळ लगेच खाली बसतो.

डॉक्टर_तालुका:
गाळ बसेल ताई, काविळीचा विषाणू नाही मरणार. काठावरचा_गडी, आधी हे सांगा: गल्लीत कुणी गरोदर आहे का? पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, शेवटच्या तिमाहीत तर फारच. 2012 ला इचलकरंजीत साथ आली होती, माणसं दगावली. पाणी खळखळा उकळूनच प्या. टीसीएलवर विसंबू नका. गढूळ पाण्यात क्लोरिन घाणीवरच खर्ची पडतं, नळापर्यंत काही उरत नाही. पंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघायची चाचणी) करा. पिवळा रंग आला नाही तर क्लोरिन पोचतच नाही. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं.

काठावरचा_गडी:
वहिनीला सातवा महिना आहे. आजच माहेरी पाठवतो. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. गुन्हा कसा दाखल करायचा?

कागदपत्री:
तुमच्या दोन लढाया आहेत, त्या एकात मिसळू नका. नळाला चांगलं पाणी देणं ही पंचायतीची जबाबदारी. नदी घाण आहे म्हणून ती सुटत नाही. पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये असं लिहिलंय. अहवाल हातात आला की गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दुसरी लढाई नदीची. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात कलम 24 प्रमाणे नदीत घाण सोडायला मनाई आहे. कलम 33अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ एखादं युनिट बंद करायचा, त्याची वीज तोडायचा आदेश देऊ शकतं. मंडळ हललं नाही तर कलम 49 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकही कोर्टात तक्रार करू शकतो. नाहीतर हरित न्यायाधिकरण, पुण्यात खंडपीठ आहे. तिथं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं.

ऊसकरी:
कोर्टाचे खेटे घालण्यात हयात जाते. बरगे काढा, पाणी वाहू द्या, नदी आपोआप स्वच्छ होते.

मिरजवाला:
म्हणजे तुमची घाण खालच्या गावाच्या जॅकवेलला! नृसिंहवाडीला ही नदी कृष्णेला मिळते, पुढंही माणसंच राहतात.

कागदपत्री:
आणखी एक. तुम्ही स्वतः बाटलीत भरलेलं पाणी प्रदूषण करणाऱ्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून सहसा टिकत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यानं कलम 21 ची पद्धत पाळून नमुना घ्यायला हवा. तो घ्या असा लेखी अर्ज द्या, मासे मेल्याचे तारीखवार फोटो जोडा. नाला नदीला मिळतो तिथले फोटोही काढा, नुसत्या फेसाचे नकोत.

काठावरचा_गडी:
जलसुरक्षकाला घेऊन शेवटच्या गल्लीत टेस्ट केली. पाण्याला रंग आलाच नाही. जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालेल का?

डॉक्टर_तालुका:
नाही. निर्जंतुक बाटली लागते, प्रयोगशाळेतूनच घ्या. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, उशीर झाला तर आकडे चुकतात. काविळीचे पेशंट आरोग्य केंद्रात कळवलेत का?

काठावरचा_गडी:
आशाताईंनी नावं लिहून नेलीत. बाटली उद्या आणतो. आमच्या खालच्या गावांतलं कुणी वाचत असेल तर एकत्र अर्ज देऊ, एकट्या गावाला दाद देत नाहीत.

बंधारा_खालचा:
आमचं गाव तुमच्या खालीच आहे, इथंही तीच तऱ्हा. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.