मदत हवी आहे: खानापूर-लोंढा पट्ट्यातलं जुनं सायडिंग

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यात गुंजीच्या पुढे, लोंढ्याकडे जाताना आमच्या शेताच्या कडेनं जुन्या सायडिंगचा, म्हणजे मालगाड्यांसाठीच्या बाजूच्या फाट्याचा, एक भराव मुख्य रेल्वे लाईनपासून फुटून जंगलाकडे वळतो. रूळ कधीच उचललेत, पण खडी अजून आहे. कुंपणाला रुळाचाच एक तुकडा खांब म्हणून रोवलाय. त्या तुकड्याच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात आहे. साल १८ नं सुरू होतं, पुढचं गंजानं खाल्लंय.

ही मुख्य लाईन मूळची सदर्न मराठा रेल्वेची, तेव्हा मीटरगेज (रुळांमधलं अंतर एक मीटर). १९०८ साली ती कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र येऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. अळणावर-दांडेली फाटा लाकडासाठी टाकला होता, तेव्हा हेही लाकडाचंच असावं असं मला वाटतं. गावातले जाणते मात्र हे खानापूरच्या कौलांसाठी होतं असं सांगतात.

कुणाच्या घरी गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) किंवा जंगलाचे ठेकेदार होते का? जुना नकाशा, वॅगनची पावती, फोटो, काहीही चालेल. रस्ता रुंदीकरणात भराव जायच्या आत हे नोंदवून ठेवायचंय. आजोबा-पणजोबांना एकदा विचाराच, प्लीज.